ग्रीन कार्ड, द्राक्षबाग आणि आमची भाषा समजणारा वकील : सल्ला हवा आहे

कृष्णाकाठची शिक्षिका, सांगली

नमस्कार मंडळी. मी विश्रामबागला राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले, वय ६६. प्रश्न लांबेल, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवटच मिळेल, म्हणून सगळं लिहिते.

मुलगा न्यू जर्सीत असतो. तो तिकडचा नागरिक झाल्यावर त्यानं आम्हा दोघांसाठी अर्ज केला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये आम्ही ग्रीन कार्डावर, म्हणजे तिकडं कायम राहायच्या परवान्यावर, तिकडे उतरलो. यांची तासगाव तालुक्यात तीन एकर द्राक्षबाग आहे. ज्यांच्या घरात बाग आहे त्यांना वेगळं सांगायला नको. सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी, मग पाऊस लांबला की दावण्या रोगाच्या धास्तीनं दिवसाआड फवारणी, फेब्रुवारी-मार्चात माल शेडवर बेदाण्याला, आणि एप्रिलात खरड छाटणी. ती उरकली की आम्ही विमानात बसायचो आणि सप्टेंबरात परत यायचो. पाच महिने तिकडे, सात महिने इकडे. कुणी अडवलं नाही, त्यामुळं हे चालतं असंच आम्ही धरून चाललो.

सप्टेंबर २०२३ ला नेहमीसारखे आलो. एप्रिल २०२४ ची तिकिटं काढलेली होती, त्याच आठवड्यात यांच्या छातीत दुखायला लागलं. मिरजेत बायपास झाली. डॉक्टरांनी लगेच प्रवास नको म्हणून सांगितलं. परत जायला ऑगस्ट उजाडला. अकरा महिने झाले होते.

तिकडे उतरल्यावर आम्हाला आतल्या खोलीत बसवलं. साहेबांनी फोनवर हिंदीचा दुभाष्या घेतला. त्यानं विचारलं, "आप कहाँ रहते हैं?" हे म्हणाले, "सांगली में. बेटे के पास आना-जाना करते हैं." दुभाष्यानं इंग्रजीत काय सांगितलं ते मला ऐकू आलं. मी सातवीपर्यंतच्या मुलांना इंग्रजी शिकवलंय, एवढं कळतं. हे भारतात राहतात आणि मुलाला भेटायला येतात, असं सांगितलं त्यानं. चूक म्हणावी तर चूकही नव्हती. पण आपल्याकडं माणूस जन्मभर 'राहणार' गावचाच असतो हो. सोसायटीच्या कर्जाच्या अर्जावर, लग्नाच्या पत्रिकेवर, सगळीकडं 'रा.' लिहून पुढं गावच येतं. यांना विचारलं की तोंडातून तेच येणार.

मग साहेबांनी एक कागद पुढं सरकवला. आय-४०७. सही केलीत तर काम लवकर होईल, असं दुभाष्या म्हणाला. यांनी पेन उचललं. कागदाच्या पहिल्याच ओळीत 'सोडून देणे' अशा अर्थाचा शब्द मला दिसला आणि मी त्या कागदावर पंजा ठेवला. म्हटलं, मुलाशी बोलल्याशिवाय नाही. हात थरथरत होता माझा, पण उचलला नाही. दोन तासांनी ताकीद देऊन सोडलं आम्हाला.

मुलगा इतका घाबरला की त्यानं आम्हाला तेरा महिने हलू दिलं नाही. बाग पुतण्यानं बघितली. हे रोज पहाटे साडेपाचला उठून त्याला फोन लावायचे, काडी कशी आहे, मणी किती एमएमचा झालाय. तो फोन झाला की दिवसभर खिडकीशी बसून राहायचे. शेवटी गेल्या सप्टेंबरात, २०२५ ला, छाटणीसाठी आलो. सहा महिन्यांच्या आत परत जायचं ठरलंय.

आता वकील. मुलापुढं तीन पर्याय आहेत.

पहिला, तिथलाच एक मराठी माणूस. वकील नाही, 'कन्सल्टंट' म्हणतो स्वतःला. बोलायला अगदी घरच्यासारखा. फी सगळ्यांत कमी. मागच्या वर्षी आम्ही त्याला विचारलं होतं की काही परवाना वगैरे काढावा लागतो का, तर म्हणाला, काकू, काही गरज नाही. आता म्हणतो, नागरिकत्वाचा अर्ज भरून टाकू, तारखा मी बसवतो.

दुसऱ्या, तिकडच्याच एक वकीलबाई. वीस वर्षांचा अनुभव, पण फक्त इंग्रजी. मुलगा भाषांतर करील म्हणतो.

तिसऱ्या, मूळच्या सुरतेकडच्या वकीलबाई. गुजराती, हिंदी, इंग्रजी, स्पॅनिश चारही बोलतात. फी दुसरीपेक्षा बरीच जास्त.

माझी अडचण मुलाच्या भाषांतराची आहे. दुसऱ्या वकीलबाईंशी एकदा फोनवर बोलणं झालं. त्यांनी यांना विचारलं, इथं कसं वाटतं? हे म्हणाले, "पोरगं चांगलं सांभाळतंय, पर बागंबिगार करमत न्हाई." मुलानं इंग्रजीत सांगितलं, बाबा इथं छान रुळलेत. तो खोटारडा नाही. त्याला आम्ही जवळ हवे आहोत. पण वकिलाला आमचं म्हणणं पोचलंच नाही.

इथं सांगलीत एकजण म्हणाले, नागरिकत्व घ्या, कटकटच मिटेल, म्हाताऱ्यांची परीक्षा मराठीत घेतात. खरं आहे का? आणि नागरिकत्व घेतलं तर सातबाऱ्याचं काय होतं? जाणकारांनी सांगावं.


मिरज जंक्शन

काकू, मी मूळचा मिरजेचा, सतरा वर्षं इकडे आहे. वकील नाही. माझं, बायकोचं आणि सासूबाईंचं, तिघांचं प्रकरण मात्र जवळून पाहिलंय.

पहिल्या माणसाला आजच नको म्हणा. 'तारखा बसवतो' म्हणाला ना, तेवढं पुरे आहे. तुम्ही कधी आलात, कधी गेलात हे सरकारच्या संगणकात आधीच आहे, आणि अर्जावर सही तुमची असते. खोटं निघालं की त्याला शोधायला कुणी जात नाही, तुम्हाला धरतात. इकडे इमिग्रेशनचा कायदेशीर सल्ला द्यायचा अधिकार फक्त वकिलाला किंवा न्याय खात्यानं मान्यता दिलेल्या प्रतिनिधीला आहे. मराठी बोलतो म्हणून विश्वास टाकायचा हा आपल्या लोकांचा जुना घोटाळा आहे. इथल्या मेक्सिकन लोकांना त्यांच्याच भाषेत बोलून वकील असल्यासारखे मिरवणारे 'नोतारियो' असंच बुडवतात.

वकील खरा आहे का हे दहा मिनिटांत कळतं. ज्या राज्याची सनद असेल त्या राज्याच्या बारच्या, म्हणजे वकील मंडळाच्या, किंवा कोर्टाच्या संकेतस्थळावर नाव टाकायचं. सनद चालू आहे का, शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का, ते दिसतं. इमिग्रेशन हा केंद्राचा कायदा, त्यामुळं कुठल्याही राज्याची सनद चालते. न्यू जर्सीचाच वकील पाहिजे असं नाही. म्हणजे भाषेसाठी शोध मोठा करता येतो, हे मुलाला सांगा. फी आणि कामाची व्याप्ती लेखी करारात घ्या. वकील जी-२८ नावाचा फॉर्म भरतो, ते इकडचं वकीलपत्र समजा. आणि प्रत्येक अर्जात दुभाष्यानं आणि अर्ज तयार करणाऱ्यानं स्वतःचं नाव घालून सही करायची जागा असते. जो भरून देतो पण सही करत नाही, त्याच्या दारात पुन्हा जाऊ नये.

आय-४०७ वर तुम्ही हात ठेवलात, फार मोठं काम केलंत. ती ग्रीन कार्ड सोडल्याची सही, ती स्वखुशीची असते, सक्तीची नाही. नाही म्हटलं तर ते प्रकरण इमिग्रेशन न्यायाधीशापुढं पाठवू शकतात, पण खोलीतला साहेब स्वतःच्या अधिकारात तुमचं ग्रीन कार्ड रद्द करू शकत नाही. त्या खोलीत वकिलाला सहसा येऊ देत नाहीत, म्हणून जी तयारी करायची ती आधी. पुढच्या वेळी दुभाष्या मराठीचा मागा. मिळायला वेळ लागेल, बसून राहा.

तुम्हाला तो माणूस 'गरज नाही' म्हणाला तो परवाना म्हणजे री-एन्ट्री परमिट, जास्त दिवस बाहेर राहून परत यायचं. अर्ज आय-१३१. अर्ज करताना तुम्ही अमेरिकेत हजर असायला लागता, बोटांचे ठसेही इकडेच देतात. दोन वर्षांपर्यंतचं मिळतं. तेरा महिने इकडे होतात तेव्हा सहज झालं असतं, याचं वाईट वाटतं.

परीक्षेचं तुम्हाला चुकीचं सांगितलंय. इंग्रजीची सूट आहे, पण नुसत्या वयावर नाही. वय ५० आणि ग्रीन कार्डाला २० वर्षं, किंवा वय ५५ आणि ग्रीन कार्डाला १५ वर्षं, असं असेल तर आपल्या भाषेत दुभाष्या घेऊन परीक्षा देता येते. तुमची चार वर्षं झालीत. २० ऑक्टोबर २०२५ पासूनच्या अर्जांना नवी परीक्षा आहे, १२८ प्रश्नांतले २० विचारतात, १२ बरोबर यावे लागतात, तेही इंग्रजीत. तुम्ही पास व्हाल, काकांचं अवघड आहे.

आणि त्याच्याही आधी, पाच वर्षांत किमान तीस महिने प्रत्यक्ष इकडे असावं लागतं. तुमचे सगळे मिळून पंचवीसच्या आसपास भरतात. शिवाय एका फेरीत सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात की सलग वास्तव्य तुटलं असं गृहीत धरतात. ते खोडून काढता येतं, दवाखान्याचे कागद, इकडचं घर, टॅक्स रिटर्न दाखवून. पण तुम्ही एकदा नाही, दरवर्षीच सहा महिने ओलांडलेत. म्हणजे एन-४००, नागरिकत्वाचा अर्ज, आत्ता भरणं म्हणजे ७१० डॉलर पाण्यात, आणि जुन्या तारखा आपणहून उघड्यावर.

तिसऱ्या बाईंकडे जा असं माझं मत. फक्त त्यांना आधी विचारा, त्यांचा अशील कोण, तुम्ही की मुलगा? फी मुलगा देणार असला तरी बोलणं तुमच्याशी झालं पाहिजे.


वाईची लेक

काकू, माझ्या आईचं सांगते. ती जानेवारी २०२० मध्ये वाईला आली आणि २३ मार्चपासून विमानंच बंद झाली. वर्ष उलटून गेलं. वर्षावर गेलं की नुसत्या कार्डावर परत जाता येत नाही. आम्हाला मुंबईच्या वकिलातीत डीएस-११७ भरून, परत येणाऱ्या रहिवाशाचा एसबी-१ व्हिसा मागावा लागला. आपल्या हाताबाहेरच्या कारणानं अडकलो हे सिद्ध करायचं असतं. मिळाला.

मला सांगायचंय ते वेगळं आहे. आईच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून. मामाची १ जून. मावशीचीही १ जून. तुम्ही शिक्षिका, तुम्हाला कारण माहीत आहे. नाव घालताना गुरुजींनी टाकलेली तारीख. आमचा आधीचा गोरा वकील ते कागद बघून गप्पच झाला, त्याला वाटलं दाखले बनावट आहेत. नंतरचे वकील हैदराबादचे होते, मराठी शून्य, पण बघताक्षणी हसले आणि त्या काळात खेड्यात जन्मनोंद कशी व्हायची यावर अर्धं पान लिहून जोडलं. मराठी येणाराच पाहिजे असा हट्ट धरू नका. आपला मुलूख ठाऊक असलेला पाहिजे.

कागदांच्या भाषांतरासाठी मात्र वकिलाला पैसे देऊ नका. दोन्ही भाषा येणाऱ्या कुणीही पूर्ण आणि अचूक भाषांतर केल्याचं लिहून सही केली की चालतं, नोटरीसुद्धा लागत नाही. घरातल्यानं न करता बाहेरच्यानं केलेलं बरं.


निवृत्त तलाठी, कोरेगाव

सातबाऱ्यापुरतं लिहितो.

ग्रीन कार्ड आहे तोवर आपण भारतीय नागरिकच आहात. अमेरिकेचं नागरिकत्व स्वतःहून घेतलं की नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ९ नुसार भारताचं आपोआप जातं. पासपोर्ट जमा करावा लागतो. नंतर परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांचं ओसीआय कार्ड मिळतं, पण त्यावर मतदान नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही.

आज आपल्या नावावर आहे ती जमीन जात नाही. भारतात राहत असताना मिळवलेली जमीन ठेवायला फेमा या परकीय चलनाच्या कायद्याच्या कलम ६ (५) ची मुभा आहे. पुढं विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच, आणि आपल्या राज्यात तो शेतकरी असावा लागतो.

मुलगा परदेशी नागरिक असला तरी वारसानं त्याचं नाव लागतं. पण हयातीत त्याच्या नावे बक्षीसपत्र करायला जाऊ नका. शेतजमिनीचं तसं बक्षीस त्याला घेता येत नाही. मी नोकरीत असताना असे फेरफार अडकून पडलेले पाहिलेत. मृत्युपत्र करून ठेवा.


कराडची माहेरवाशीण

काकू, सगळ्यांनी कायदा सांगितला. मला तुमचं पत्र वाचून एकच विचारावंसं वाटतं. काकांना तिकडं राहायचं आहे का? कारण ग्रीन कार्ड हे तिकडं कायम राहणाऱ्यासाठी आहे. दुभाष्यानं त्यांचं बोलणं बिघडवलं असं तुम्हाला वाटतं, पण काका जे बोलले तेच खरं असेल तर? माझ्या सासऱ्यांनी कार्ड रीतसर परत केलं आणि नंतर टुरिस्ट व्हिसा घेतला. आता वर्षातनं एकदा तीन-चार महिने जातात, नातवंडांना भेटतात, येतात. रागावू नका, लहान तोंडी मोठा घास घेतेय.


कृष्णाकाठची शिक्षिका, सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला.

कराडच्या ताई, रागावले नाही. तुमचं वाचून मोबाईल बाजूला ठेवला आणि यांच्या ताटात भाकरी वाढताना विचारलं, तुम्हाला तिकडं राहायचंय का? चार वर्षांत मी हे कधी विचारलंच नव्हतं. हे बराच वेळ भाकरी कुस्करत राहिले. मग म्हणाले, "तू ऱ्हा. तुला नातवाचं वेड हाय. मी येत-जात ऱ्हाईन."

तिसऱ्या वकीलबाई घेतल्या. सनद तपासली, करार इंग्रजीत आला तो मी ओळ न् ओळ वाचला. अशील आम्ही दोघं, मुलगा नाही, हे त्यांनी स्वतःहून लिहिलं होतं. पहिली भेट व्हिडिओवर, आमच्याकडं रात्री नऊला. त्यांनी मुलाला सांगितलं, तुम्ही या कॉलवर नको. त्याला लागलं ते, पण ऐकलं. पुढं त्यांनी हेही सांगितलं की नवराबायकोचं म्हणणं वेगळं निघालं तर मी एकेकाशी स्वतंत्र बोलेन. आणि तसंच केलं. मी स्वयंपाकघरात जाऊन बसले, नंतर हे बाहेर गेले.

त्या हिंदीत विचारत होत्या आणि हे मराठीत उत्तर देत होते. आतून ऐकू येत होतं. एका ठिकाणी अडलं. हे म्हणाले, "मन रमत न्हाई." बाईंनी दोनदा विचारलं, म्हणजे तब्येत बरी नसते का? मग त्या 'रमवुं' असं काहीतरी गुजरातीत पुटपुटल्या, खेळणं, असं म्हणाल्या, आणि पुढं म्हणाल्या, समझ गई, दादा. पुढच्या भेटीला त्यांनी मराठीचा दुभाष्या तासावर घेतला, पैसे वेगळे पडले, पण घेतला ते बरं झालं. बागेचा खर्च, पुतण्याशी ठरलेला वाटा, असल्या गोष्टी हिंदीत सांगताना यांची ओढाताण होत होती.

मला वाटलं नव्हतं अशी एक गोष्ट त्यांनी विचारली. टॅक्स. ग्रीन कार्डवाल्याला जगभरातलं उत्पन्न तिकडं दाखवावं लागतं. माझी पेन्शन आणि बेदाण्याचे पैसेसुद्धा, इथं शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी. मुलानं आमची रिटर्न भरली होती, पण इकडचं काही दाखवलं नव्हतं. ते आता एका हिशेबनिसाकडून दुरुस्त करायचंय. आणि चुकूनही अनिवासी म्हणून रिटर्न भरू नका, ते कार्ड सोडल्याची खूण धरतात, असं त्या म्हणाल्या.

ठरलं ते असं. फेब्रुवारीत आम्ही दोघं जातोय, सहा महिने पुरे व्हायच्या आत. मी तिकडं आय-१३१ भरणार, ठसे देणार, मगच हलणार. त्या परवान्यानं नागरिकत्वाची मुदत वाचत नाही हे त्यांनी दोनदा बजावलं. नागरिकत्वाचं पुढं बघू. हे मात्र छाटणीला परत आल्यावर आय-४०७ स्वतः भरून टपालानं पाठवणार आणि नंतर मुंबईला व्हिजिटर व्हिसासाठी अर्ज करणार. व्हिसा मिळेलच याची हमी नाही, हेही बाईंनी यांना मराठी दुभाष्याकरवी सांगितलं आणि यांच्याकडून परत म्हणवून घेतलं. हे म्हणाले, न्हाई मिळाला तर पोरगं येईल की हिकडं.

मुलाला ते यांनीच फोन करून सांगितलं. मी शेजारी बसले होते, मध्ये बोलले नाही. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग त्यानं विचारलं, बाबा, मणी किती एमएमचा झालाय?

कोरेगावचे भाऊ, मृत्युपत्राचा कच्चा खर्डा तयार आहे. वाईच्या ताई, भाषांतर माझ्या जुन्या शाळेतल्या इंग्रजीच्या मॅडम करून देतायत. मिरजेच्या दवाखान्याच्या डिस्चार्ज कार्डावरची तारीख पुसट झालीय, उद्या सकाळी दुसरी प्रत मागायला जाते.